कोर्ट फी कोणत्या तारखेची? विधी व न्याय विभाग आणि उच्च न्यायालय प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. रजिस्ट्रार जनरल, मुंबई उच्च न्यायालय, मुंबई

विषय: ई-फाइलिंगने दाखल होणाऱ्या दाव्यांना कोणत्या तारखेच्या दराने कोर्ट फी लागू करावी, याबाबत.

महोदय / महोदया,

हे पत्र एकाच वेळी दोन कार्यालयांना लिहिते आहे. सरकारी पत्रव्यवहाराच्या शिस्तीत ते बसत नाही, पण विषयच तसा आहे. न्यायालयात फी किती घ्यायची हे राज्य सरकार ठरवतं. राज्यघटनेच्या राज्यसूचीतली तिसरी नोंद तो अधिकार राज्याला देते, फक्त सर्वोच्च न्यायालय त्यातून वगळलेलं आहे. दावा दाखल करायची रीत मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता आणि उच्च न्यायालयाचे नियम ठरवतात. थोडक्यात, दर मंत्रालयाचा आणि तारीख न्यायालयाची. कागदाच्या काळात या दोघांची गाठ फाइलिंगच्या खिडकीवर पडायची. कारकून वादपत्रावरची तिकिटं मोजायचा, गोल शिक्का मारायचा, शिक्क्यात त्या दिवसाची तारीख असायची. फी कमी भरली असेल, वकालतनाम्यावर सही राहिली असेल, तर हरकत निघायची आणि ती पुढे दूर व्हायची. पण शिक्क्यातली तारीख कुणी खोडत नसे.

न्यायालय फीचा कायदा १९५९ चा. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तीच खिडकी होती. आता शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात काम करणारे आम्ही वकील रात्री जेवणं उरकून घरून दावा अपलोड करतो, फी ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर भरतो, आधारच्या ओटीपीने सही करतो. सोय आहे, नाकारण्याचं कारण नाही. जुन्नरच्या पक्षकाराला एका सहीसाठी चाकणच्या कोंडीतून पुण्यात यावं लागत नाही, ही तर मोठीच गोष्ट. प्रश्न एवढाच आहे की या सगळ्या प्रवासात शिक्का नेमका कोणत्या क्षणी उमटला असं धरायचं.

कारण तारीख आता एक राहिलेली नाही. वकील ‘सबमिट’ करतो तेव्हा ई-फाइलिंग नंबर मिळतो, ती पहिली तारीख. मग न्यायालयातले कर्मचारी छाननी करतात, काही खटकलं तर परत पाठवतात, दुरुस्ती झाली की प्रकरण न्यायालयाच्या प्रणालीत घेतात आणि फाइलिंग नंबर पडतो, ती दुसरी. त्यानंतर नोंदणी होऊन रजिस्ट्रेशन नंबर मिळतो, ती तिसरी. ई-कोर्ट्सच्या ॲपवर कोणत्याही प्रकरणाचा सीएनआर, म्हणजे त्याचा सोळा अंकाक्षरी ओळख क्रमांक, टाकून बघा, फाइलिंगची तारीख आणि रजिस्ट्रेशनची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात. शिवाय कागदी संच मागितला जात असेल तर तो टेबलावर पोचल्याची चौथी तारीख. फी ऑनलाइन भरली त्या चलनावर आणखी एक तारीख असतेच. यातली दाव्याची तारीख कोणती?

दावा दाखल करायच्या मुदतीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांना समजतो, कारण मुदत हुकली तर दावाच बुडतो. मुदत कायद्याचं कलम ३ सांगतं की वादपत्र योग्य अधिकाऱ्यापुढे सादर केलं की दावा दाखल झाला. त्यावर वाद होतात, निकाल येतात. फीच्या बाबतीत मात्र शांतता आहे, कारण रोजच्या कामात तारीख इकडची तिकडे झाली तरी रकमेत फरक पडत नाही. फरक पडतो तो दर बदलतो त्या दिवशी, आणि तो दिवस आधी सांगून येत नाही.

मागचा असा दिवस आठवून बघा. १६ जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रातल्या कोर्ट फीची सुधारणा अमलात आली. दाव्यावरच्या फीची कमाल मर्यादा तोवर ३ लाख रुपये होती, ती १० लाख झाली. त्या वर्षी संक्रांत रविवारी होती, सोमवार १५ तारखेचा आणि मंगळवारी नवा दर. समजा, काही कोटींची वसुली मागणारा दावा आहे, इतका मोठा की जुन्या आणि नव्या दोन्ही तक्त्यांत तो कमाल मर्यादेलाच टेकतो. सोमवारी खिडकीवर दिला तर ३ लाख, मंगळवारी दिला तर १० लाख. एका रात्रीत सात लाखांचा फरक. तेव्हा आपल्याकडे बहुतेक काम कागदावरच चालत होतं, त्यामुळे कोण कोणत्या बाजूला पडला हे शिक्क्यावरून सरळ कळत होतं. आज तोच सोमवार आला असता तर? रात्री नऊ वाजता पूर्ण फी भरून दावा अपलोड झाला, छाननी गुरुवारी झाली, नोंदणी पुढच्या आठवड्यात. या माणसाने ३ लाख द्यायचे की १० लाख, याचं उत्तर कोणत्या कागदावर आहे ते मला आपल्यापैकी कुणी तरी दाखवावं.

यात एक बारकी गोम आहे. कायदा अमलात येतो तो आदला दिवस संपताक्षणी, म्हणजे मध्यरात्री. फाइलिंगचा दिवस मात्र कार्यालयीन वेळेशी बांधला, तर तो संध्याकाळीच संपतो आणि त्यानंतर आलेला दावा पुढच्या कामाच्या दिवसात जातो. फीच्या कायद्याच्या घड्याळात अजून सोमवारच आहे, कार्यालयाच्या घड्याळात मंगळवार उजाडलेला आहे. या मधल्या सहा-सात तासांत दावा दाखल करणारा माणूस जुना दर चालू असताना, जुन्या दराने पैसे भरून, नव्या दराचा देणेकरी ठरू शकतो. पुढचा दिवस सुटीचा असेल तर ही पोकळी आणखी लांबते.

आणि चुकीची तारीख एकदा पडली की ती दाव्याबरोबर संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध सुप्रीम जनरल फिल्म्स एक्स्चेंज या प्रकरणात सांगितलं की अपिलाचा हक्क दावा दाखल होतो त्या दिवशीच जडतो. नंतर वाढवलेली फी, कायद्यातच तसा स्पष्ट किंवा अपरिहार्य अर्थ नसेल तर, त्या दाव्यातून निघणाऱ्या अपिलाला लावता येत नाही. म्हणजे आज छाननीच्या टेबलावर जी तारीख ठरेल तिच्यावर दहा-पंधरा वर्षांनी होणाऱ्या अपिलाची फीसुद्धा अवलंबून असणार आहे. तेव्हा ई-फाइलिंगची पावती कुणाच्या ईमेलमध्ये सापडेल, तो कर्मचारी कुठे बदलून गेला असेल, सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती चालू असेल, देव जाणे.

दर बदलला नाही तरी तारीख फीला चिकटते, याचं एक छोटं उदाहरण रोजच्या कामातलं. पैशाच्या वसुलीच्या दाव्यात मुद्दल अधिक दावा दाखल होईपर्यंतचं व्याज, अशी रक्कम मांडून त्यावर फी मोजतात. २० लाखांच्या मुद्दलावर १८ टक्के दराने दिवसाला साधारण ९८६ रुपये व्याज चढतं. दावा शुक्रवारी दाखल झाला असं धरून वकिलाने हिशेब मांडला आणि छाननी करणाऱ्याने नोंदणीची तारीख धरली, की मूल्यांकन काही हजारांनी हलतं. फीचा तक्ता टप्प्याटप्प्याचा, त्यामुळे काही हजारांनी टप्पा ओलांडला की तूट निघते. घराच्या ताब्याच्या दाव्यात फी बाजारभावावर असते, आणि वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजेच रेडी रेकनर, बदलतात ते १ एप्रिलला. ३१ मार्चच्या रात्री दिलेल्या दाव्याला कोणता तक्ता दाखवला जाईल? रेडी रेकनर न्यायालयाला बांधून ठेवत नाही हे मलाही माहीत आहे, पण छाननीच्या टेबलावर तोच उघडला जातो हेही माहीत आहे.

एक प्रकरण सांगते, न्यायालयाचं नाव घेत नाही. लहान कारखानदार, पुरवलेल्या मालाचे पैसे तीन वर्षं थकलेले. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत दावा घरून अपलोड केला, फी भरली, चलनावर जीआरएन, म्हणजे भरण्याचा सरकारी पावती क्रमांक, आला. पुढे हरकत निघाली: जोडपत्रांना बुकमार्क नाहीत, एक पान तिरकं स्कॅन झालंय. दोन्ही हरकती खऱ्या होत्या, दुरुस्त केल्या. प्रकरण प्रणालीत चढलं तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. मग दोन टोकांनी ओढाताण सुरू झाली. टेबलावर सांगण्यात आलं की व्याज नोंदणीच्या तारखेपर्यंत धरून फीची तूट भरा. प्रतिवादीच्या वकिलांनी तीच तारीख उचलली आणि दावा मुदतबाह्य आहे म्हणून अर्ज केला. गंमत अशी की तूट भरली असती तर आमच्याच हाताने उशिराची तारीख मान्य केल्यासारखं झालं असतं. तुटीची रक्कम इतकी किरकोळ होती की वाद घालणारी मी हट्टी ठरले. शेवटी न्यायाधीशांनी ई-फाइलिंगची पावती पाहिली, अपलोडची तारीख धरली आणि दोन्ही प्रश्न एकाच आदेशात मिटवले. न्याय झाला. पण एका वाक्याच्या नियमाने जे सुटलं असतं त्यासाठी न्यायालयाचा, समोरच्याचा आणि आमचा वेळ गेला. शिवाय दुसऱ्या न्यायालयात दुसरा आदेश होऊ शकला असता, हेही खरंच.

टेबलावरच्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पडद्यावर जो रकाना आहे त्यातली तारीख ते वाचतात. हरकतींचा ढीग, बदल्यांमुळे रिकामी टेबलं, मध्येच संथ होणारं सर्व्हर, या सगळ्यातून वाट काढत ते नोंदणी करतात. पण छाननीला लागणारे दिवस न्यायालयाच्या कामाचे दिवस आहेत. त्यांचा भाव पक्षकाराकडून का वसूल व्हावा? पीएमपीच्या बसमध्ये माणूस डेक्कनला चढला, कंडक्टर गर्दीतून स्वारगेटला त्याच्यापर्यंत पोचला, आणि मधल्या वेळात भाडं वाढलं, तर आपण त्याच्याकडून वाढीव भाडं मागतो का?

या वादातली सगळ्यात विचित्र गोष्ट ही की आपला जुना कायदा संगणकापेक्षा उदार आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या कलम १४९ प्रमाणे फी पूर्ण किंवा काही अंशी भरलेली नसेल तरी न्यायालय ती नंतर भरायची परवानगी देऊ शकतं, आणि भरली की तो कागद पहिल्याच दिवशी पुऱ्या फीनिशी दिला होता असंच धरलं जातं. आदेश ७ नियम ११ मध्येसुद्धा तूट आहे म्हणून वादपत्र लगेच फेटाळत नाहीत. आधी वेळ देतात, त्या वेळेत भरली नाही तरच फेटाळतात. आदेश ४ आणि ७ मधल्या नमुन्याच्या चुका दाव्याची तारीख मोडत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विद्यावती गुप्ता प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणजे ज्याने फी कमी भरली त्याची तारीख टिकू शकते. मग ज्याने पूर्ण फी भरली, पण पीडीएफला बुकमार्क लावला नाही, त्याची तारीख पुढे का सरकावी?

इतरत्र हा प्रश्न सुटलेला आहे, आणि सोडवणारे कुणी परदेशी नाहीत. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की मुदत कागदी प्रत दिल्याच्या तारखेवरून मोजली जाईल. गोंधळ झाला. दोनच महिन्यांनी, २४ डिसेंबर २०२२ ला, त्यांनी तो मागे घेतला: मुदत ई-फाइलिंगच्या तारखेवरून, कागदी प्रत सात दिवसांत द्यायची, त्यानंतर आली तर न्यायाधिकरण त्यावर आदेश करील. पुढे १ मे २०२३ ला एपीजी लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ई-फाइलिंगची तारीखच धरली आणि ई-फाइलिंगनंतर पुन्हा कागदी फाइलिंगचा आग्रह कशाला, असा सूर लावला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० तर आपल्या हाताशी आहेच. त्याच्या कलम १३ प्रमाणे नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत इलेक्ट्रॉनिक अभिलेख शिरतो तो क्षण म्हणजे मिळाल्याचा क्षण. वाचला तो नव्हे.

आयकर खात्याचं उदाहरण घ्या, ते कुणाला सवलत द्यायला बसलेलं नाही. विवरणपत्र अपलोड केल्यावर ते ३० दिवसांत पडताळून द्यायचं असतं. १ ऑगस्ट २०२२ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ३० वर आणली. ३० दिवसांत पडताळणी झाली तर अपलोडची तारीख हीच भरल्याची तारीख. उशीर झाला तर पडताळणीची. नियम कडक आहे, पण स्पष्ट आहे. रात्री अकरा वाजता विवरणपत्र भरणाऱ्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त माणसाला तो तोंडपाठ असतो. त्याच माणसाने भाडेकरूवर दावा लावला तर त्याच्या वकिलाला मात्र छातीठोकपणे तारीख सांगता येत नाही.

याला विरोध होईल, आणि त्यातला काही योग्यही आहे. पहिली भीती अशी की फी वाढणार याची कुणकुण लागताच लोक कोऱ्या पीडीएफ चढवून तारखा धरून ठेवतील. धरतीलच, आमच्या व्यवसायाला मी ओळखते. म्हणून मी असं म्हणत नाही की कोणतीही फाइल चढली की तारीख पक्की. वादपत्र पूर्ण असावं, मूल्यांकन मांडलेलं असावं, सही असावी आणि त्या दिवसाच्या दराने फी भरलेली असावी. एवढं असेल तर तारीख पक्की, बाकी हरकती कितीही निघोत. फी अजिबात भरलीच नाही, तर तारीख आपोआप मिळू नये. तिथे कलम १४९ खाली न्यायाधीशांनी ठरवावं. दुसरी पळवाट चलनाची. कुणी जुन्या दराने चलन महिनाभर आधी काढून ठेवलं आणि दर वाढल्यावर दावा दिला, तर त्याला जुना दर मिळू नये. फी दाव्यावर लागते, चलनावर नव्हे. ही बाजू सरकारच्या तिजोरीच्या हिताची आहे आणि ती मी स्वतःहून लिहून देते आहे, म्हणजे हे पत्र नुसतं फी वाचवायला निघालेल्या वकिलाचं आहे असा समज नको.

पैसे खात्यातून गेले आणि चलन अडकलं, ही तिसरी गोष्ट. ग्रासवर भरणा केल्यावर बँकेतून रक्कम वजा होते, पण व्यवहार प्रलंबित दिसतो, जीआरएन पक्का होत नाही. मध्यरात्र ओलांडल्यावर तो पक्का झाला तर फी कोणत्या दिवशी भरली? माझ्या मते बँकेतून रक्कम निघाली तो दिवस. पक्षकाराच्या हातात तेवढंच आहे. घाबरून त्याने दुसऱ्यांदा फी भरली, तर एक रक्कम परत मिळवायला वेगळा अर्ज, वेगळे हेलपाटे. डिफेसमेंट, म्हणजे चलन वापरलं गेल्याची खूण करणं, तर त्याच्या हातात मुळीच नाही, ते कार्यालयाने करायचं. त्यामुळे चलन कधी डिफेस झालं यावरून काहीही ठरता कामा नये.

महिला पक्षकारांचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढते. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने राज्यात पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वडिलांच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या कितीतरी मुली या एका कागदाच्या आधारावर न्यायालयाची पायरी चढल्या. पण ती अधिसूचना आहे. सरकार ती उद्या बदलू शकतं, तिच्या अटी कमी-जास्त करू शकतं. तसं होऊ नये हीच इच्छा. झालंच, तर त्या रात्री अपलोड करून छाननीत पडलेल्या दाव्यातल्या बाईसाठी तारखेचा फरक तीन लाख आणि दहा लाख असा राहणार नाही, शून्य आणि सगळं असा होईल.

सुट्यांबद्दलही लिहिते, कारण पुण्यात हा प्रश्न दर वर्षी अनंत चतुर्दशीला पडतो. न्यायालय बंद असताना मुदत संपत असेल तर उघडेल त्या दिवशी दावा देता येतो, ही मुदत कायद्याच्या कलम ४ ची सवलत. पोर्टल तर कधीच बंद नसतं. मग उद्या कुणी म्हणेल की न्यायालय ‘बंद’ नव्हतंच, तुम्ही मिरवणूक बघत बसलात. ई-फाइलिंग ही जास्तीची सोय आहे, तिच्यामुळे जुनं संरक्षण जाता कामा नये. उलट बाजूने, सुटीच्या दिवशी कुणी दावा अपलोड केलाच, तर फीच्या दरासाठी त्याला तोच दिवस मिळावा. मुदतीसाठी सोमवार आणि फीसाठीही सोमवार असं म्हणणारे भेटतील. पण रविवारी त्या दिवसाच्या दराने पैसे सरकारच्या खात्याकडे निघाले असतील, तर सोमवारच्या दराने ते कमी कसे पडतात, हे कोणी तरी समजावून सांगावं.

आता मागणी. उच्च न्यायालय प्रशासनाकडे ही, की ई-फाइलिंगच्या नियमांत किंवा परिपत्रकात एक वाक्य स्पष्टपणे घालावं: वादपत्र, अपील किंवा अर्ज देय फीसह पोर्टलवर सादर झाल्याची भारतीय प्रमाण वेळेनुसारची तारीख हीच मुदतीसाठी, मूल्यांकनासाठी आणि कोर्ट फीच्या दरासाठी दाखल तारीख असेल, दिवस मध्यरात्री संपेल, आणि ठरवून दिलेल्या वेळेत हरकती दूर केल्या तर ती तारीख बदलणार नाही. किती वेळ द्यायचा ते आपण ठरवा. सात दिवस द्या, पंधरा द्या, पण लिहा. तीच तारीख प्रणालीतल्या दाखल तारखेच्या रकान्यात आपोआप यावी, हाताने भरायची सोय तिथे नसावी. पोर्टल बंद पडलं तर ते किती वाजता पडलं आणि किती वाजता उठलं याची नोंद संकेतस्थळावर लावावी. आज ते सिद्ध करायला आम्ही मोबाइलवर पडद्याचे फोटो काढून ठेवतो, आणि दोन वर्षांनी फोटो कुणी काढला यावर उलटतपासणी होते.

विधी व न्याय विभागाकडे मागणी आणखी लहान आहे. पुढच्या वेळी फीचा तक्ता बदलाल, तेव्हा सुधारणेतच एक बचाव कलम ठेवा: नवा दर अमलात येण्यापूर्वी जे प्रकरण त्या वेळच्या दराने फी भरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सादर झालं आहे त्याला, आणि त्यातून पुढे निघणाऱ्या अपिलांनाही, जुनाच दर लागू राहील, नोंदणी केव्हाही होवो. शिवाय राजपत्रात प्रसिद्धी आणि अंमल यांत थोडे दिवस ठेवा. प्रसिद्धीच्याच दिवशी अंमल असेल, तर फी वाढल्याचं खिडकीवर कारकुनाकडून कळतं, आणि आता खिडकी नसल्यामुळे हरकतीच्या एसएमएसमधून कळेल.

दोन्ही कार्यालयांनी मिळून एक बैठक घेतली आणि पोर्टल चालवणाऱ्या तंत्रज्ञांना समोर बसवलं, तर हे काम होण्यासारखं आहे. बैठकीला एखादा तालुक्याचा वकील जरूर बोलवा, भोरचा किंवा इंदापूरचा. वीज गेल्यावर सबमिटचं बटण दाबलं गेलं की नाही हे कसं कळायचं, हा प्रश्न त्याने विचारल्याशिवाय पुण्या-मुंबईच्या कुणाला सुचणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
पुणे जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूने काम करणारी एक वकील
शिवाजीनगर, पुणे

प्रत माहितीसाठी: मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश, पुणे, या विनंतीसह की राज्याचा निर्णय होईपर्यंत ई-फाइलिंगची पावती मूळ प्रकरणाला कायमची जोडून ठेवण्याच्या सूचना जिल्ह्यातल्या सर्व न्यायालयांना द्याव्यात.